खाऱ्या पाण्यातली आसंध

नाचणगावच्या आमच्या घरी ओसरीला लागून आठ कुंड्या ओळीने मांडून ठेवल्या आहेत. पहिल्या चार कुंड्यांना घरच्या विहिरीचे पाणी मिळते. पुढल्या चारांना प्लास्टिकच्या कॅनमधले. ते कॅनमधले पाणी मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातून, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून आणतो. एस.टी.ने अमरावती, तेथून बडनेरा आणि पुढे रेल्वेने पुलगाव. पुलगावला उतरले की नाचणगाव आलेच. गावात विहिरी असताना, जवळून वर्धा नदी वाहत असताना हा माणूस परजिल्ह्यातून पाणी का वाहून आणतो, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडला होता. निवृत्त बँक अधिकारी कादंबऱ्या लिहू लागला की डोक्यावर थोडाफार परिणाम व्हायचाच, असे म्हणून त्यांनी तो सोडूनही दिला. पाणी खारे आहे म्हणूनच आणतो, हे मी एकदोघांना सांगून पाहिले. त्याने त्यांचा समज पक्का झाला.

गोष्ट २००२ सालची आहे. मी तेव्हा दर्यापूर भागातल्या एका शाखेत होतो. औषधी वनस्पतींचे वारे सुटले होते. नोव्हेंबर २००० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले होते, अनुदानाच्या बातम्या येत होत्या, आणि 'सफेद मुसळी' हे दोन शब्द चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येत होते. वाळलेल्या मुसळीचा भाव किलोमागे हजाराच्या घरात सांगितला जाई. कपाशीने नाडलेल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून झोप येणे शक्य नव्हते. एका कंपनीचे प्रतिनिधी गावोगाव हिंडून बेणे विकत होते आणि पीक आम्हीच परत घेऊ असा करारही लिहून देत होते. आमच्याकडे प्रकरणे येऊ लागली. त्यातले एक प्रकरण मी मंजूर केले, त्याची ही हकीकत.

कागदपत्रांत काही उणे नव्हते. सातबारा होता, आठ-अ होता, जामीनदार होते, कंपनीचा करारनामा होता. अर्जात एक रकाना असे, 'सिंचनाची सोय'. त्यात लिहिले होते, 'विहीर, बारमाही पाणी'. पाणी किती, हे आम्ही विचारले होते. कसे, हे विचारले नव्हते. नाही म्हणायला तो शेतकरी, ज्यांना मी भाऊ म्हणत असे, एकदा बोलले होते, "साहेब, पानी जरा खारं हाय. कपाशीले चालून जाते." कंपनीच्या माणसाने लगेच सांगितले की मुसळीला पावसाचेच पाणी लागते, विहिरीचे काम नाही. मला ते पटले. खरे सांगायचे तर मला ते पटवून घ्यायचे होते. तिमाहीचे उद्दिष्ट पुरे व्हायचे होते.

जूनमध्ये लागवड झाली. पुढे पावसाने ताण दिला आणि भाऊंनी, दुसरा कुणी करील तेच केले, विहिरीवरची मोटार चालू केली. दोन पाण्यांत जमिनीवर पापुद्रा धरला, पानांची टोके करपली. मुसळीला भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. येथे मुळ्या चिकणमातीत कोंडल्यागत झाल्या. खणल्या तेव्हा निम्म्या सडलेल्या, उरलेल्या करंगळीएवढ्याही नाहीत. कंपनीचा दूरध्वनी वाजत राही, उचलत कोणी नसे. खाते थकीत झाले. वसुलीची नोटीस नियमाप्रमाणे माझ्याच सहीने गेली. बैलजोडी विकून आलेले पैसे भरायला भाऊ आले तेव्हा नोटीस हातात होती. म्हणाले, "आकडा बरोबर हाय, साहेब. पन चूक पिकाची होती का पान्याची, ते यात कोठी लिवलं नाई."

मी त्यांना पावती फाडून दिली.

खारपाण पट्टा म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. सातपुड्यात उगम पावून पूर्णा नदी अमरावती, अकोला, बुलढाणा अशी पश्चिमेकडे जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना काळ्या गाळाचा फार खोल थर आहे आणि त्याखालचे पाणी खारट आहे. साडेचार हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा हा मुलूख. येथे एकेकाळी समुद्र होता, असे गावोगाव सांगतात. मृदाशास्त्रज्ञांचे म्हणणे जरा नीरस आहे. कोरडी हवा, घट्ट माती आणि मंद निचरा, यांमुळे जमिनीतला चुना जागीच साकळत गेला आणि सोडियम उरला, असे ते सांगतात. समुद्र नसला तरी मीठ मात्र खरे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाला कायदा मोडायला जागा मिळाली ती याच पट्ट्यात, अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींवर. आणि याच पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे, जेथे गाडगेबाबांनी घाट बांधून घेतला. ऋणातून मोचन! त्या भागात कर्जवसुलीला फिरणाऱ्या माणसाला हे नाव रोज वाटेत लागावे, यात नियतीचा काही खोडसाळपणा असावा, असे मला नेहमी वाटे.

गंमत अशी की या पट्ट्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या भागात औषधी पिकांची परंपरा जुनी आहे. तेथले बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांत मुरलेले. त्यांच्या हाती पानपिंपळीची वेल पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी 'शकुंतला' जेव्हा चालू होती, तेव्हा लाखपुरीला पूर्णेचे खारे खोरे आणि पुढे अंजनगावला गोड्या पाण्याचे हिरवे मळे, असे दोन देश एकाच तिकिटात पाहायला मिळत. गाडी आता बंद आहे, दोन देश तसेच आहेत. अंजनगावात जे पिकते ते तासाभराच्या अंतरावर दर्यापुरात का पिकू नये, हा भाबडा प्रश्न २००२ साली कंपनीच्या प्रतिनिधीने विचारला होता, आणि मी मान डोलावली होती.

निवृत्त झाल्यावर मी हा प्रश्न उलटा करून घेतला. का पिकत नाही? आणि पिकवायचेच असेल तर झाडाला मदत काय करता येईल? माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका, मृदाशास्त्राची दोनचार पुस्तके आणि त्या विषयातल्या माणसांना विचारलेले बाळबोध प्रश्न, एवढ्यावर माझी भिस्त आहे.

लिंबाच्या फोडींना मीठ लावून बरणी भरली की दोन दिवसांत बरणीत पाणी सुटते. मीठ फोडीतले पाणी ओढून घेते. खाऱ्या मातीत मुळाची गत त्या फोडीसारखी होते. जमीन ओली असते, पण पाणी मुळात शिरत नाही. झाड भर पाण्यात तहानेने व्याकूळ होते. हा पहिला मार. दुसरा मार सोडियमचा. त्याचे रंगरूप पोटॅशियमसारखे, त्यामुळे पोटॅशियमसाठी उघडलेल्या दारातून तो आत घुसतो, आणि पोटॅशियमची कामे त्याला येत नाहीत. नात्यातला म्हणून नोकरीला लावलेला माणूस जे करतो तेच तो करतो. मग पानांच्या कडा करपतात, आधी जुन्या पानांच्या; कारण झाड शहाणपणाने मीठ जुन्या पानांत साठवून ती पाने गाळून टाकते.

तिसरा मार मातीवरचा, आणि खारपाणात खरा घात याचाच. खारवट जमीन आणि चोपण जमीन यांत आपण गल्लत करतो. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त. निचरा असेल तर भरपूर गोड्या पाण्याने ते धुऊन निघतात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तो कणांची घट्ट मिठी सोडवतो, माती पिठासारखी सुटते, छिद्रे बुजतात. पावसात चिखल, उन्हात दगड. जमिनीने धरलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा पंधरा टक्क्यांवर गेला की जमीन चोपण समजावी, ही पुस्तकातली रेघ. पण विदर्भाच्या काळ्या मातीत पाच टक्क्यांच्या पुढेच निचरा बिघडू लागतो, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. खारपाणातल्या अनेक विहिरींच्या पाण्यात तर सोडियमच्या जोडीला बायकार्बोनेट असते. ते जमिनीतला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने बाजूला काढते आणि सोडियमला रान मोकळे होते. म्हणजे भाऊंनी दिलेले प्रत्येक पाणी हे जमिनीवर चढवलेले एकेक कुलूप होते.

आता औषधी वनस्पतींपुरता एक पेच आहे, आणि तो मला फार रस घ्यावा असा वाटतो. झाड संकटात सापडले की स्वस्थ बसत नाही. ते प्रोलीनसारखी द्रव्ये तयार करून पेशीतले पाणी धरून ठेवते, आणि स्वतःच्या संरक्षणासाठी कडू, तुरट, उग्र रसायने वाढवते. आपण ज्याला औषध म्हणतो ते बहुतेक वेळा झाडाचे हे शस्त्रच असते. त्यामुळे बेताचा खारेपणा काही वनस्पतींत औषधी अंशाचे प्रमाण वाढवतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. हे वाचून मला क्षणभर वाटले, चला, खारपाणाचे नशीब उघडले! पण प्रमाण वाढते तेव्हा झाड लहान राहते, मुळी बारीक राहते. एकूण माल घटतो. आणि बाजार मालाचे वजन करतो. अंश मोजण्याचे यंत्र आडत्याच्या दुकानात नसते. शिवाय औषधी मालाची एक जुनी कसोटी म्हणजे तो जाळून राख किती उरते हे पाहणे. पानात मीठ साठले की राख वाढते, आणि माल नाकारला जाऊ शकतो. सुश्रुताने औषधी कोठली घ्यावी हे सांगताना जमीन ऊषर, म्हणजे खारी, नसावी असे सूत्रस्थानात सांगून ठेवले आहे. त्या वैद्याला हा पेच ठाऊक असावा, असे मानायला माझी हरकत नाही.

तरीही सगळ्या वनस्पती सारख्या नाजूक नसतात. गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा या बाजूला इसबगोल पिकतो, तेथल्या कित्येक विहिरी मचूळच आहेत. हंगेरीतल्या हॉर्तोबाज नावाच्या चोपण माळरानावर कॅमोमाइलची फुले आपोआप उगवतात आणि लोक ती गोळा करून औषधाला वापरतात. आपल्याकडे लखनौजवळ बंथरा येथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने ऊसर जमिनीवर हीच वनस्पती लावून पाहिली आहे. रोशा गवत, वाळा, कोरफड हीसुद्धा चिवट मंडळी. करंज तर खाऱ्या जमिनीला भीत नाही. म्हणून इसबगोल खारपाणात आणावा, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. इसबगोल काढणीला येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्या सुमारास विदर्भात अवकाळी पाऊस, गारपीट हे आता पाहुण्यासारखे येत नाहीत, बिऱ्हाड करूनच राहतात. पक्व इसबगोलावर एक सर पडली की भुसा फुगून पीक मातीत जाते. खाऱ्या पाण्यातून वाचवून पावसाच्या तोंडी देण्यात काय हशील?

माझे लक्ष आसंधीवर, म्हणजे अश्वगंधेवर गेले. आमच्याकडे तिला ढोरगुंजही म्हणतात. तिला पाणी कमी लागते, हलक्या जमिनीवर ती भागवून घेते. मध्य प्रदेशात नीमच, मंदसौरकडे तिची मोठी शेती होते. बेताचा खारेपणा ती सोसते. म्हणून ओसरीवर त्या आठ कुंड्या आल्या. तुळस, कोरफड, गवती चहा आणि आसंध, प्रत्येकी दोन. एक गोड्या पाण्यावर, एक खाऱ्या.

आठ कुंड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण पाहिलेले सांगतो. खाऱ्या पाण्याच्या तुळशीची पाने महिन्याभरात कडांना तपकिरी झाली. पत्नीने ती कुंडी तेथून उचलून नेली, तुळशीचे हाल तिला बघवेनात. तेव्हापासून माझ्या प्रयोगात सातच कुंड्या आहेत, आठवी केवळ ओळीला शोभा म्हणून. गवती चहाची टोके जळाली, पण तो टिकला. कोरफड निर्विकार. आसंधीचे बी पहिल्या वर्षी खाऱ्या पाण्यावर उगवलेच नाही. दुसऱ्या वर्षी मी पहिले तीन आठवडे विहिरीचे गोड पाणी दिले, रोपे चार बोटे झाल्यावर कॅन उघडला. रोपे खुरटी राहिली, पण जगली. तिसऱ्या वर्षी कुंडीच्या मातीत कुजलेले शेणखत आणि थोडे जिप्सम मिसळले. जिप्सम म्हणजे कॅल्शियम. तो सोडियमला कणांवरून उठवतो आणि स्वतः तेथे बसतो. मातीवरचा पापुद्रा गेला, पाणी झरझर खाली उतरू लागले. ते खालून वाहून जाणेही तितकेच महत्त्वाचे. उठवलेल्या सोडियमला जायला वाट नसेल तर तो परत येऊन बसतो. कुंडीला बुडाशी भोक असते. शेताला ते चर खणून करावे लागते.

बी आणि कोवळे रोप यांना सर्वांत जास्त जपायचे, हे मला कुंडीने शिकवले ते पुस्तकांत होतेच. बी पेरण्यापूर्वी भिजवून सुकवणे हा त्यातलाच एक उपाय; इसबगोलाला मात्र तो लागू नाही, त्याचे बी भिजले की बुळबुळीत गोळा होतो. मुळांशी राहणारे काही जिवाणू झाडाला अकाली म्हातारपण आणणारे रसायन तयारच होऊ देत नाहीत, असेही आढळले आहे. ॲस्पिरिनचे भावंड असलेले सॅलिसिलिक आम्ल फार पातळ करून फवारले की काही रोपे खारेपणा जास्त सोसतात, असेही प्रयोग आहेत. हे खोटे नाही. पण अशा बाटल्या घेऊन दारात येणारे प्रतिनिधी पाहिले की मला २००२ साल आठवते. निचरा नसलेल्या शेतात फवारणी म्हणजे घर गळत असताना भिंतीला रंग.

भाऊंकडे परत जायला मला पुष्कळ वर्षे लागली. निवृत्तीनंतर, एका हिवाळ्यात गेलो. भाऊ थकले होते, ओळखले मात्र लगेच. शेती आता मुलगा पाहतो. तो मला काकाजी म्हणतो, आणि जुन्या नोटिशीचा विषय त्याने आजवर काढलेला नाही. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली ९३२ खारपाणाची गावे घेतली गेली. त्या सुमारास या भागात शेततळ्यांचा बोलबाला झाला, तसे त्यानेही एक शेततळे खणले. पावसाचे गोड पाणी त्यात साठते. चोपण मातीचा दुर्गुण येथे गुण होतो: छिद्रे बुजलेली असल्याने पाणी लवकर झिरपत नाही. मूग आणि हरभरा ही त्याची खरी पिके. कुंड्यांची हकीकत ऐकून त्याने अर्ध्या एकरावर आसंध घ्यायचे ठरवले. या वेळी आधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घेतले, कागद माझ्यासमोर ठेवला. विद्यापीठाच्या शिफारशीत हेक्टरी अडीच टन जिप्सम येते, त्या हिशेबाने त्याने पावसाच्या तोंडावर ते मातीत मिसळले, रुंद वरंबे केले, कडेने चर काढला. उगवणीला आणि पुढे एकदा ताण पडला तेव्हा तळ्याचे पाणी दिले. विहिरीला हात लावला नाही.

मुळ्या निघाल्या त्या दिवशी मी तेथे होतो. एका आडत्याने येऊन मुळी हातात घेतली, मोडली. कटकन मोडली आणि आत पांढरी असली तर माल चांगला. मोडली कटकन, आत पांढरीही होती, जाडी मात्र त्याच्या मनासारखी नव्हती. त्याने दुसऱ्या प्रतीचा भाव सांगितला. मुलाने घासाघीस केली, जरासा वाढवून घेतला. खर्च वजा जाता हातात जे राहिले ते हरभऱ्याहून थोडे अधिक. मी म्हटले, पुढच्या वर्षी एकर करणार का? तो म्हणाला, "नाई काकाजी. तळं अर्ध्या एकरापुरतंच हाय."

भाऊ बांधावर बसून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, तुमच्या बँकेच्या त्या फारमात पान्याचा रकाना आता असते का?" मी म्हटले, मी सोडेपर्यंत तरी नव्हता. ते हसले आणि मुलाला म्हणाले, साहेबांचे कॅन भरून दे.

अमरावतीच्या एस.टी.त कंडक्टरने कॅनकडे बोट दाखवून विचारले, "काय नेता?" म्हटले, पाणी. "कोठचं?" येथलेच. त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "येथलं पानी आमी ढोराले पाजत नाई, बाबाजी," असे म्हणून त्याने दोन्ही कॅनचे सामान-भाडे लावले.